लेव्ही हॅडिक्सचा तुरुंगातला मुक्काम

ब्रॅडिक काउंटीच्या कचेरीत वरच्या मजल्यावर न्याय मिळतो, असं दारावरच्या पाटीवर लिहिलंय. खाली तळघरात कसलीही पाटी नाही, पण तिथे माणसाला हवा तो कागद हमखास मिळतो, कारण तिथे वर्डी स्टॅम्पर बसते.

सत्तावीस वर्षं ती त्याच खिडकीमागे बसलीय. जमिनींची खरेदीखतं, लग्नांचे परवाने, मृत्युपत्रं आणि कुणाचं कुंपण कुणाच्या शेतात दोन हात घुसलं त्याचे नकाशे एवढंच सांभाळायला तिला नेमलं होतं. कैद्यांची माहिती देणं हे तिचं काम नव्हे, ते रस्त्यापलीकडच्या तुरुंगाचं. पण तुरुंगात फोन उचलायची पद्धत नव्हती. केंटकीत जेलरही मतांवर निवडून येतो, त्यामुळे जेलर बर्ल नॅपियरचा फोन निवडणुकीच्या वर्षी दुसऱ्या घंटेला उचलला जायचा आणि उरलेली तीन वर्षं भिंतीवर नुसता वाजत राहायचा. मग लोक रस्ता ओलांडून वर्डीकडे यायचे.

येणारी बहुतेक वेळा बाईच असायची. आधी जमिनीचा कर कधी भरायचा ते विचारायची. मग हवापाणी. मग खालच्या आवाजात, "वर्डी, आमचा माणूस काल घरी आला नाही गं."

वर्डी काही बोलायची नाही. नाव टाइप करायची आणि पडदा हळूच त्या बाईकडे वळवायची. "हाच का?" एवढंच विचारायची. बाईनं मान हलवली की एका चिठ्ठीवर भेटीची वेळ लिहून द्यायची, आणि सांगायची, "नाव चुकीचं लिहिलंय, घाबरू नकोस. बर्लच्या पोरांना स्वतःचीही नावं धड लिहिता येत नाहीत. आणि बिनबाह्यांचं घालून जाऊ नकोस, दारातूनच परत पाठवतात." मागच्या रांगेतल्याला वाटायचं, कर भरायचीच चौकशी चाललीय.

नाव मोठ्यानं न घेण्याची ही सवय तिला कुणी शिकवली नव्हती. तिची तिलाच लागली होती, त्यालाही नऊ वर्षं झाली.

त्या वर्षी काउंटीनं जनतेच्या सोयीसाठी कैद्यांची यादी संगणकावर टाकली. जनतेची सोय झाली ती अशी की सकाळी आठच्या आत, पहिल्या कॉफीबरोबर, अख्खी काउंटी ती यादी वाचू लागली. फोटोसकट. पूर्वी लोक आधी मृत्यूच्या बातम्या वाचायचे, आता त्या दुसऱ्या नंबरवर गेल्या. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं लागतं, इथे तसं काही बंधन नव्हतं.

यादी सुरू होऊन महिना झाला नाही तोच वर्डीच्या नवऱ्यानं, हॉबर्टनं, दारू पिऊन ट्रक नाल्यात घातला. कुणाला खरचटलंही नाही. अकरा दिवस आत बसला. बुधवारी संध्याकाळी चर्चच्या प्रार्थना मंडळात वर्डी घेवड्याच्या रश्शाचं पातेलं मांडीवर धरून तिसऱ्या बाकावर बसली होती, आणि इमोजीन ट्रिंबल उठून उभी राहिली.

"बहिणींनो, आज आपल्या वर्डीच्या हॉबर्टसाठी प्रार्थना करू या. तो कुठे आहे ते मी सांगणार नाही, तो त्या कुटुंबाचा खाजगी प्रश्न आहे. एवढंच म्हणते, की कोठडी नंबर सहामध्ये फार गारठा असतो."

सगळ्यांनी मनापासून प्रार्थना केली. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनी शेजारणीला विचारून घेऊन मग केली. हॉबर्ट सुटला, पण पुन्हा चर्चची पायरी चढला नाही. चार वर्षांनी तो गेला, तेव्हा इमोजीननं सगळ्यांत मोठं पुष्पचक्र पाठवलं. त्यावर तिचं नाव हॉबर्टच्या नावापेक्षा ठसठशीत होतं.

ही इमोजीन म्हणजे शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. वय सत्तरीच्या आसपास, पाठ अजून फूटपट्टीसारखी ताठ. काउंटीच्या इतिहास मंडळाची ती अध्यक्ष होती. मंडळाचे सभासद नऊ, त्यातले येणारे चार, आणि त्या चारांतले दोघे कान अधू झालेले, म्हणून मंडळ शांततेत चाललं होतं. "मी कुणाची उणीदुणी काढत नाही," असं ती म्हणायची, आणि ते खरंच होतं. तिला ती काढावी लागत नसत, रोज सकाळी आठला फोटोसकट आयती मिळत.

तर गेल्या वर्षी काउंटीनं नवा तुरुंग बांधला. जुन्याचं छप्पर इतकं गळायचं की कैदी आधी सुटकेच्या नव्हे, बादलीच्या विनंत्या करायचे. इमारत उभी राहिली तसा प्रश्न आला नावाचा. ज्याला त्याला वाटलं आपल्या घराण्यातलं नाव तिथे लागावं. तुरुंगावर नाव लागावं म्हणून एवढी झुंबड उडालेली बर्लनंही पाहिली नव्हती.

इमोजीननं काउंटीच्या सभेत उभं राहून सांगितलं, "माझे आजोबा, आईचे वडील, लेव्ही हॅडिक्स. सहा वर्षं त्यांनी या तुरुंगात काढली. कैद्यांना स्वतःच्या हातानं रांधून वाढलं. माझी आई लहानपणी तिथेच, त्या तुरुंगाच्या स्वयंपाकघरात वाढली. असा जेलर या काउंटीनं पुन्हा पाहिला नाही." मग बर्लकडे बघून, "गैरसमज नको," असंही म्हणाली.

त्या काळी जेलर बायकामुलांसह तुरुंगातच राहायचा आणि कैद्यांचं जेवण त्याची बायको करायची, हे सगळ्यांना ऐकून माहीत होतं. त्यामुळे कुणाला काही खटकलं नाही. काउंटीप्रमुख डॉयल फ्यूगेट म्हणाले, "उत्तम. वर्डीकडून तेवढा कागद आणा, पुढच्या गुरुवारी ठराव करू."

दुसऱ्या दिवशी इमोजीन तळघरात उतरली.

"वर्डी, माझ्या आजोबांच्या नेमणुकीचा कागद काढ. एकोणीसशे सत्तावीस ते तेहतीस. मी थांबते."

"बघते, मिस इमोजीन," वर्डी म्हणाली. तिकडे लग्न झालेल्या वयस्कर बाईलाही मानानं मिसच म्हणतात.

बघायची तिला काहीच गरज नव्हती. तळघरात हिवाळ्यात चिटपाखरू फिरकत नाही. अशा हिवाळ्यांत वर्डीनं तिथलं सगळं वाचून काढलं होतं, दुसरं वाचायला होतंच काय? खरेदीखतं झाली, मृत्युपत्रं झाली, मग तुरुंगाच्या जुन्या नोंदवह्या. लेव्ही हॅडिक्स तिला चांगला ओळखीचा होता. वहीतल्या सगळ्या मंडळींत तिचा लाडका म्हटला तरी चालेल. सहा वर्षांत गडी सतरा वेळा आत आला होता. एकदा एकच खेचर तीन माणसांना विकलं म्हणून. पुढच्या वेळी तेच खेचर त्यातल्याच एकाला पुन्हा विकलं म्हणून. बाकी किरकोळ, कोंबड्या, चर्चच्या आवारातला लाकूडफाटा, असं. दर नोव्हेंबरात मात्र एक नोंद हमखास आणि तिची सुटका मार्चमधली. थंडी कुठे काढायची याचा त्यानं नीट विचार केलेला दिसत होता. आणि 'काम' या रकान्यात सतराही वेळा एकच शब्द होता, आचारी. म्हणजे इमोजीनच्या आईनं खोटं काही सांगितलं नव्हतं. फक्त तो दाराच्या कुठल्या बाजूला होता तेवढं सांगायचं राहिलं होतं.

वर्डीनं जेलरांच्या नेमणुकांचं पुस्तक आणून खिडकीत उघडलं. "यात नाव नाही, मिस इमोजीन."

"नाही कसं? नीट शोध."

"सत्तावीस ते तेहतीस टोलिव्हर नावाचा जेलर होता. बघा ना तुम्हीच."

"मग पुस्तक चुकलंय. तुमच्या खात्याचा गलथानपणा मला नवा नाही. माझ्या शाळेत असली वही मी फाडून परत लिहायला लावली असती."

"पुस्तक फाडता नाही येत, बाई. सरकारी आहे."

"मग ज्यात ज्यात लेव्ही हॅडिक्स हे नाव आहे ते सगळं बाहेर काढ!"

वर्डीनं खणातून एक अर्ज काढून खिडकीतून सरकवला. इमोजीननं चष्मा वर केला आणि मथळा वाचला: 'कैद्याविषयी माहिती मिळण्यासाठी अर्ज'.

"हे काय आहे?"

"तुरुंगाच्या वह्या बघायच्या तर हाच भरावा लागतो. कुणीही भरू शकतं, कायद्यानं सगळं खुलं आहे. खाली सही आणि कैद्याशी नातं."

"म्हणजे ज्यांचे नवरे चोऱ्या करतात त्या बायका जो कागद भरतात, तो मी भरू? मी?"

"दुसरा कागद नाही, मिस इमोजीन."

इमोजीननं अर्ज दोन बोटांनी परत सरकवला, जणू त्याला वास येत होता, आणि ती पायऱ्या चढून गेली. सोमवारी पुन्हा आली, अर्ज तोच होता. मंगळवारी तिनं डॉयल फ्यूगेटना फोन करायला लावला. डॉयल फोनवर म्हणाले, "वर्डी, जरा सांभाळून घे ना बाईंना."

"घेतेच आहे, साहेब," वर्डी म्हणाली. "गेले तीन दिवस सांभाळूनच घेतेय."

या तीन दिवसांत वर्डीचं डोकं ठिकाणावर नव्हतं. दुपारी डबा उघडायची, मक्याची भाकर आणि घेवडा, आणि घास हातात तसाच राहायचा. करण्यासारखं बरंच होतं. काहीच न बोलता नाव लागू द्यायचं, पितळेची पाटी, फीत, बँड, भाषणं, आणि मग आठवड्यानं वही उघडायची. किंवा गुरुवारी भर सभेत उठून सतराही नोंदी वाचायच्या. किंवा बुधवारी प्रार्थना मंडळात. हा शेवटचा विचार तिला इतका गोड वाटला की तो करता करता एकदा तिनं एका माणसाच्या लग्नाच्या परवान्यावर मृत्यूचा शिक्का मारला. नवरा मुलगा काही बोलला नाही. उशिरा कळलं, त्याचं हे तिसरं लग्न होतं.

बुधवारी सकाळी इमोजीन तिसऱ्यांदा आली. तोंड आंबट. तिनं अर्ज ओढला आणि सही केली. नात्याच्या रकान्यात 'अभिमानी नात' असं ठळक लिहिलं.

वर्डीनं आतून वही आणली. तेव्हा खिडकीशी आणखी दोघीजणी उभ्या होत्या, दोघीही प्रार्थना मंडळातल्या, दोघींचे कान धडधाकट. इमोजीननं पर्स चाचपली आणि मोठ्यानं, शाळेच्या मैदानावरच्या आवाजात म्हणाली, "माझा वाचायचा चष्मा गाडीत राहिला. वाच गं वर्डी, मोठ्यानं वाच. सगळ्यांना कळू दे!"

नऊ वर्षं वाट बघूनही कुणाला एवढी आयती संधी मिळत नाही. वर्डीनं वही उघडली. पान तिला पाठ होतं. खेचराची नोंद डाव्या हाताला, वरून चौथी. त्या दोघी माना पुढे काढून उभ्या होत्या. त्यांच्या मागे, पायऱ्यांपाशी, एक तरणी बाई कडेवरचं मूल सावरत उभी होती, कर कधी भरायचा ते विचारायला आल्यासारखी.

वर्डीनं वही मिटली.

"शाई पुसट झालीय," ती म्हणाली. "इथे उजेडच नाही. आत या, मिस इमोजीन. माझा चष्मा लावा."

आतल्या खोलीत एकच खुर्ची होती. इमोजीन बसली. वर्डीनं आपला चष्मा तिच्या हातात दिला, वही समोर ठेवली आणि बोट त्या ओळीवर ठेवलं. मग दार लोटून स्वतः कपाटाला टेकून उभी राहिली.

बराच वेळ फक्त पानं उलटल्याचा आवाज येत होता. सतरा नोंदी म्हणजे काही थोड्या नव्हेत.

"हा दुसरा कुणी लेव्ही असेल," इमोजीन शेवटी म्हणाली.

"बायकोचं नाव आहे बाजूला. ऑर्लीना."

ऑर्लीना हे इमोजीनच्या आजीचं नाव होतं.

"खेचर?" तिनं विचारलं.

"हो."

"तिघांना?"

"हो. नंतर त्यातल्या एकाला पुन्हा."

"पण पुन्हा विकत घेणारा कसला मूर्ख होता मग!" मुख्याध्यापिका उसळून म्हणाली.

वर्डीला हसू आलं, तिनं ते गिळलं. "ट्रिंबल," ती म्हणाली. "नाव लिहिलंय. तुमच्या सासरकडचे असावेत."

इमोजीननं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग आवाज एकदम मऊ करून म्हणाली, "वर्डी, इथे ओल फार आहे गं. जुन्या वह्या खराब होतच असतील. एखादी खराब झाली, तर कोण तुला बोल लावणार आहे?"

"नव्वद वर्षं टिकलीय. आता नाही व्हायची खराब."

"तू हे सगळं आधीपासून जाणत होतीस."

"हो."

"मग बोलली का नाहीस? बाहेर त्या दोघी उभ्या होत्या."

पुढे वाकून वर्डीनं दोन पानं उलटली आणि समासातल्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. जेलर टोलिव्हरला चार शब्द जास्त लिहायची खोड होती. तिथे लिहिलं होतं: 'हॅडिक्सची बायको पोरीला घेऊन आली. बर्फात खिडकीखाली उभी. स्वयंपाकघरात चुलीपाशी बसवली. पोर चार वर्षांची, बापाला सोडेना. आठवडाभर राहू दिली.'

इमोजीननं ते दोनदा वाचलं. चार वर्षांची पोर म्हणजे तिची आई. आई सांगायची ती ऊबदार चूल, ते भलंमोठं पातेलं, पाव कापणारा बाप, सगळं जिथल्या तिथे होतं. इमोजीनची ताठ पाठ थोडी वाकली. तिनं रुमाल काढला, नाक पुसलं, आणि तळघरात धूळ किती आहे याबद्दल कडक शब्दांत तक्रार केली.

वर्डीनं तिला पाणी दिलं. पाणी पिऊन होईतो थांबली. मग म्हणाली, "हॉबर्ट अकरा दिवस होता. तुम्हाला आठवत असेल."

"मी फक्त प्रार्थना करा म्हटलं होतं," इमोजीन म्हणाली.

"हो. मी तिथेच होते."

माफी वगैरे मागायचं वळण इमोजीनच्या घराण्यात नव्हतं, आणि ते कागदोपत्री आता सिद्धच झालं होतं. ती उठली, केस सारखे केले, बाहेरच्या दोघींना "सगळं सापडलं, अगदी सविस्तर," असं सांगून पायऱ्या चढून गेली. वर्डी खिडकीत परतली आणि कडेवर मूल घेतलेल्या बाईकडे बघून म्हणाली, "बोल गं. नाव काय त्याचं?"

गुरुवारच्या सभेत इमोजीन उभी राहिली तेव्हा वर्डी मागच्या रांगेत होती. इमोजीन म्हणाली, कागद तर भरपूर मिळाले, पण आजोबांचा स्वभाव फार विनम्र होता. तुरुंगात इतकी वर्षं काढून त्यांनी कधी मोठेपणा मिरवला नाही. त्यांचं नाव भिंतीवर लावणं त्यांना आवडलं नसतं, म्हणून ती सूचना मागे घेत आहे. सभेनं टाळ्या वाजवल्या. डॉयल फ्यूगेट इतके हेलावले, की रिकाम्या राहिलेल्या जागी त्यांनी तिथल्या तिथे स्वतःच्या वडिलांचं नाव सुचवलं आणि मंजूरही करून घेतलं. थोरले फ्यूगेट आयुष्यभर फर्निचर विकत होते. तुरुंगाशी त्यांचा संबंध एवढाच, की बाकांचं कंत्राट त्यांच्या दुकानाला मिळालं होतं.

पुढच्या आठवड्यात इमोजीन एक केक वर्डीच्या खिडकीत ठेवून गेली, वाळवलेल्या सफरचंदांचा, सात थरांचा. का, ते बोलली नाही. केक जरा कोरडाच होता. वर्डीनं चार दिवस पुरवून खाल्ला.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण वसंतात शेजारच्या काउंटीनं एक मेळा भरवला. तिथल्या एका माणसानं आपला पणजोबा चोरून दारू गाळायचा हे मंचावरून सांगितलं, आणि लांबून लांबून आलेल्या लोकांनी त्याच्याबरोबर फोटो काढून घेतले. इमोजीन त्या मेळ्याला गेली होती. परत आली ती विचार करत. जूनमध्ये इतिहास मंडळातर्फे तिचं व्याख्यान जाहीर झालं: 'माझे आजोबा, काउंटीतले सर्वांत चतुर कैदी'.

चर्चचं सभागृह भरलं होतं. चारांच्या मंडळाला दीडशे माणसं आली. इमोजीननं खेचराची गोष्ट अशी रंगवली की हसून हसून बर्ल नॅपियरला ठसका लागला. समासातली नोंद तिनं शेवटी वाचली, तेव्हा आवाज खरोखर कापला, आणि सभागृहात कुणी खोकलंही नाही. मग रुमाल ठेवून ती म्हणाली, "हे कागद शोधायला मला तळघरात दिवसेंदिवस घालवावे लागले. वर्डी स्टॅम्परनंही वही उचलून आणायला थोडी मदत केली." सगळ्यांनी वळून वर्डीकडे पाहिलं. वर्डीनं मान झुकवली. तीन दिवस अर्जावर सही न करणं हेही संशोधनच म्हणायचं असेल, तर बाईंनी ते खरंच कष्टानं केलं होतं.

त्यानंतरच्या सोमवारी तळघराच्या पायऱ्यांवर रांग लागली. प्रत्येकाला तो अर्ज हवा होता, आणि आता कुणी आवाज खाली करत नव्हतं. सगळ्यांना आपल्या आज्या-पणज्यांत कुणीतरी गुन्हेगार हवा होता. मिळालेले खुशीत नकला घेऊन गेले. एकीच्या पणजोबानं घोडा चोरला होता, ती तर वर्डीच्या गळ्यातच पडली. न मिळालेल्यांनी खिडकीवर हात आपटले.

"नीट बघितलंस का?" एक जाडजूड गृहस्थ घाम पुसत तिसऱ्यांदा विचारत होते. "ऑकी नेस्बिट. आमच्या वडिलांचे वडील."

"तीनही वह्या बघितल्या," वर्डी म्हणाली. "नाहीत."

"एक रात्रसुद्धा नाही?"

"नाही. चर्चचे खजिनदार होते म्हणून एका कागदावर सही आहे. तीसेक वर्षं होते."

गृहस्थांचा चेहरा उतरला. "तीस वर्षं खजिनदार," ते पुटपुटले, "आणि कुणी पकडलंच नाही?"

"हिशेब चोख होते, साहेब."

"तुझ्याकडून काहीतरी राहून गेलंय," ते ठामपणे म्हणाले, आणि अर्ज पुन्हा भरायला बसले.